दोन नंबरच्या भट्टीचा जाळ

११ ऑगस्ट, सोमवार

ही वही मागे काढली होती ती माझं लग्न मोडलं तेव्हा. चार पानं लिहिली, स्वतःचंच रडगाणं वाचून वीट आला आणि ठेवून दिली. आज परत काढली, कारण जे सुरू झालंय त्याबद्दल घरात बोलायची सोय नाही, आणि कारखान्यात बोलले तर लोक म्हणणार, मॅडमच घाबरल्या.

आज हायड्रोजनचा कंटेनर आला. नारायणगावला टोमॅटोच्या गाड्यांची ही रांग, त्यात ट्रेलर अडकला, क्रेनवाला वैतागून निघून जायला लागला, त्याला वडापाव खायला घालून बसवून ठेवला. शेवटी पांढराशुभ्र कंटेनर दोन नंबर शेडच्या मागे उतरला. वरच्या सोलरची वीज घ्यायची, तिनं पाणी फोडायचं, निघालेला हायड्रोजन भट्टीत जाळायचा. धूर नाही, काजळी नाही, जळून नुसती वाफ. आजवर तिथं फर्नेस ऑईल जळत आलंय, आणि त्याची काजळी निम्म्या पिंपळवंडीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसत आलीय. आमच्याही.

आम्ही ट्रॅक्टरचे ॲक्सल ठोकतो. लोखंड तापवून पिवळं करायचं आणि हॅमरखाली धरायचं, एवढंच काम, पण त्या तापवण्यातच सगळा धूर. युरोपातल्या गिऱ्हाइकानं अरिहंतशेठना सरळ सांगितलंय, धूर कमी करा नाहीतर आम्ही माल दुसरीकडून घेतो. दोन नंबर शेडमध्ये दुसऱ्या कुणाचा मालच नाही. ऑर्डर गेली की शेडला कुलूप. शेडमधले सगळे पिंपळवंडीचे नाहीतर बोरीचे, आणि भट्टीवर माझे आप्पा. माझ्या जन्माआधीपासून. शेठ म्हणाले, तेजस्विनी, तू केमिकल शिकलीस ना, मग आता हे तुझं. जसं काही मी शिक्षण पिशवीतून घेऊन आलेय.

मला भीती वाटते. इथं लिहून टाकते, म्हणजे उद्या तोंडावर दिसणार नाही.

१९ ऑगस्ट

पहिल्यांदा एलपीजी गॅसमध्ये थोडा हायड्रोजन मिसळून जाळला. लागला. कंटेनरवाल्या कंपनीची स्नेहल इथंच खोली घेऊन राहिलीय, ती आनंदानं नाचायची बाकी होती. मी आपली मीटरकडे बघत उभी.

हायड्रोजनचा जाळ दिवसा दिसत नाही. हे सगळ्यांना बसवून सांगितलं. तेलाचा जाळ केशरी, गॅसचा निळा, पण ह्याला रंगच नाही. झरोक्यातून बघितलं तर मागच्या विटा हवेत थरथरताना दिसतात, तेवढीच खूण. म्हणून बर्नरला सेन्सर बसवलाय. त्याला जाळ कळतो. जाळ नसला तर तो गॅसचा व्हॉल्व्ह आपोआप बंद करतो, नाहीतर न जळलेला गॅस आत साठेल आणि ठिणगी मिळाली की उडेल.

आप्पांनी झरोक्याला डोळा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "काय बी दिसत न्हाई."

सगळे हसले. मी म्हटलं, आप्पा, तेच तर सांगतेय मघापासून.

३० ऑगस्ट

चार दिवस माल परत येतोय. काही तुकडे कच्चे, हॅमरखाली चिरले. काही इतके तापले की कडा वितळल्या. हायड्रोजनच्या जाळात वाफ जास्त, त्यामुळे लोखंडावर खपली जाड धरते, आणि खपलीमुळे रंगावरून माल किती तापला ते ओळखायचा आप्पांचा अंदाज चुकतो, असा माझा निष्कर्ष. शेठना तसंच सांगितलं. त्यांना पटलं. इतकं चांगलं कारण असल्यावर कुणालाही पटेल.

आप्पांचं म्हणणं वेगळं. त्यांना माल धुरकट दिसतो. मी म्हटलं, आप्पा, ह्या गॅसला धूरच नसतो, धुरकट दिसेल कसं? तर तोंड फिरवून बसले. विरोध करायचा म्हणून करायचा, दुसरं काय. आयुष्यभर तेलाच्या भट्टीवर राज्य केलं, आता पोरगी येऊन शिकवतेय ते पचत नाही. इतर कुणी असतं तर मी चार शब्द सुनावले असते.

ढगाळ हवेचाही ताप आहेच. सोलर पुरत नाही, मग बाहेरची वीज ओढावी लागते, आणि ती कोळशाचीच. म्हणजे धूर आमच्या चिमणीतून न जाता दुसऱ्या कुणाच्या चिमणीतून जाणार. शेठना विचारलं तर म्हणाले, आधी भट्टी तर चालू दे.

८ सप्टेंबर

आप्पांनी मोटरसायकल विकायला काढलीय. का, तर म्हणे संध्याकाळी बिबट्या आडवा येतो. आमच्याकडे बिबट्या काय आज आलाय? उसातून येतो, कुत्रं उचलतो, जातो. म्हटलं, काही विकू नका, मी घेऊन जात जाईन. तेव्हापासून रोज माझ्या स्कूटीवर मागे बसतात. खांद्यावर हात ठेवतात. लहानपणी मी त्यांच्या मागे बसायचे, तेव्हा ते दर खड्ड्याला सांगायचे, धर गं. आता मी सांगते. खरं सांगायचं तर मला बरं वाटतं. दिवसभर कारखान्यात आमचं जमत नाही, पण ह्या रस्त्यावर जमतं.

पूर्ण हायड्रोजनवर भट्टी ह्याच आठवड्यात न्यायची होती. आई म्हणाली, पितृपक्षात नवीन काही नको. शेठनाही कुणीतरी तेच सांगितलेलं. मी कपाळाला हात लावला. ठीक आहे, घटस्थापनेला.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

चालली! पूर्ण हायड्रोजनवर, दिवसभर. चिमणीतून नुसती पांढरी वाफ, तीही लगेच विरणारी. सारजाबाई शेड झाडायला येतात, त्या म्हणाल्या, आज भट्टी बंद आहे का? धूर नाही म्हणजे भट्टी बंद, असंच सगळ्यांना वाटतं.

आप्पांना म्हटलं, बघितलंत का? म्हणाले, "तू म्हणतीस तर चालली." एवढंच. एक शाब्बास निघालं नाही तोंडातून. राग आला, खोटं कशाला लिहू.

गिऱ्हाइकाची माणसं सहा ऑक्टोबरला बघायला येणार. त्यांच्यासमोर थंड भट्टी पेटवून, माल तापवून, ठोकून दाखवायचा. तेवढं झालं की ऑर्डर राहिली.

२६ सप्टेंबर

आईनं आज चहाचा कप आप्पांच्या हातात दिला आणि त्यांची बोटं कपाच्या कानाभोवती नीट बसेपर्यंत स्वतः धरून ठेवला. म्हटलं, काय गं, नवी नवरी झालीस काय ह्या वयात? आप्पा हसले. आई हसली नाही. तिचं हल्ली काहीतरी बिनसलंय. विचारलं तर म्हणते, तुझं यंत्र एकदाचं मार्गी लागू दे.

पेपर वाचायचंही आप्पांनी सोडलंय. म्हणतात, त्यात असतं काय. तेही खरंच आहे म्हणा.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज भट्ट्या थंड, हॅमर बंद. दरवर्षीप्रमाणे सगळी हत्यारं धुऊनपुसून शेडमध्ये सतरंजीवर मांडली. सांडशा, पाने, हातोडे, हॅमरचे साचे. पूजा आप्पांनीच करायची, हा मोठ्या शेठपासूनचा, म्हणजे मिश्रीलालजींपासूनचा रिवाज. शेठ जैन, पण खंडेनवमीला डोक्याला रुमाल बांधून पहिल्या रांगेत.

सगळे म्हणाले, नव्या यंत्राचंही काहीतरी मांडा. म्हणून स्नेहलनं बर्नरचा सेन्सर काढला, काच स्वच्छ पुसली आणि सांडशीशेजारी ठेवला. आप्पा गुडघ्यावर बसून एकेक हत्यार हातात घेत, चाचपत, अंगठ्यानं हळद-कुंकू लावत गेले. घाई नाही, गडबड नाही. त्यांचा हात प्रत्येक वस्तूवरून असा फिरत होता की मी बघतच राहिले. म्हटलं, ह्या माणसानं आयुष्य काढलंय ह्या लोखंडात, आणि मी त्यांना विरोधक ठरवून बसलेय.

स्नेहलची दसऱ्याला घरी जायची गाडी चुकत होती. ती पळाली. सेन्सर मीच परत बसवला, फुलं झटकून.

४ ऑक्टोबर, शनिवार, दुपार

भट्टी लागत नाही. परवा ती माणसं येणार आणि भट्टी लागत नाही. ठिणगी पडते, गॅस येतो, आणि लगेच व्हॉल्व्ह बंद. सेन्सरला जाळ सापडत नाहीये. सकाळपासून हेच. गॅसचा दाब बघितला, ठिणगी बघितली, वायरी बदलल्या. सेन्सर तर नवमीलाच पुसलेला, त्याचा प्रश्नच नाही.

स्नेहलला फोन लावला. ती उद्या संध्याकाळी पोचणार. म्हणाली, मी येईपर्यंत कशाला हात लावू नकोस. हिला बोलायला काय जातंय. शेठ दर अर्ध्या तासानं येऊन दाराशी उभे राहतात, घड्याळ बघतात, जातात. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

पॅनलमध्ये एक वायर जोडली की सेन्सर बाजूला पडतो. मग जाळ आहे की नाही ते माणसानं बघायचं. आप्पांना झरोक्यापाशी उभं केलं तर? एवढी वर्षं भट्टीसमोर काढलेला माणूस. विटा थरथरताना दिसल्या की सांगायचं, एवढंच. बाकी कुणावर मी असला भरवसा टाकला नसता.

५ ऑक्टोबर

आप्पा भाजले.

काल भट्टीचं दार उडालं. हात, मान, चेहरा. मंचरला नेलं, तिथून पुण्याला. त्याआधी झरोक्यापाशी मी त्यांना विचारलं होतं, जाळ लागला का? ते म्हणाले होते, लागला. मी गॅस वाढवला.

आणखी काही लिहवत नाही.

९ ऑक्टोबर, पुणे

जिवाचा धोका टळला. डोळ्यांवर पट्ट्या आहेत. आज डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. मला वाटलं, भाजल्याचं सांगतील. त्यांनी विचारलं, पेशंट घरात एकटा वावरायचा कसा?

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पूर्ण पिकलेले. वर्षानुवर्षं भट्टीच्या धगीसमोर उभं राहणाऱ्यांना होतात म्हणे. वर्षभर नजर उतरत गेली असणार, आणि हल्ली तर त्यांना उजेड आणि अंधार ह्यापलीकडे फारसं काही दिसत नसणार. साधं ऑपरेशन होतं, म्हणाले, आधी आणलं असतं तर. आता डावा डोळा भाजून गेलाय. उजव्याचं दोन महिन्यांनी बघू.

मी म्हटलं, पण ते रोज कामावर येत होते.

माल धुरकट दिसतो, म्हणाले होते. मी त्यांना हायड्रोजनचे गुण समजावून सांगितले.

१० ऑक्टोबर

आईला माहीत होतं. वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून तिनं सगळं सांगितलं. भट्टीवाल्याला दिसत नाही असं कळलं की त्याला गेटवर बसवतात, हे एक. पण ते मुख्य नव्हतं. उन्हाळ्यात तिनं डॉक्टरांकडे चला म्हणून हट्ट धरला होता, जायचंही ठरलं होतं. तेवढ्यात मी घरी येऊन सांगितलं, की शेठनी हायड्रोजनचं काम मला दिलंय. मग आप्पा म्हणाले, पोरीचं यंत्र चालू होईस्तवर थांबू. शेडमधली माणसं तिचं ऐकणार न्हाईत, मी भट्टीवर असलो तर ऐकतील.

मला ते तिथं माझ्यासाठी उभे आहेत हे एकदाही कळलं नाही. मला वाटलं, अडवायला उभे आहेत.

मी रडत होते. आईनं पदर पुढे केला नाही. म्हणाली, "त्यांला दिसत नव्हतं. तुला तर दिसत व्हतं ना?"

१३ ऑक्टोबर

स्नेहलचा फोन. तिनं सेन्सर काढून बघितला. काचेवर हळद-कुंकवाचं बोट वाळून बसलंय, चांगलं जाड. आप्पांनी लावलेलं. काचेची बाजू कुठली आणि पाठीची कुठली ते त्यांना कळलं नसणार. आणि मी तो हातात घेऊन परत बसवला. माझे डोळे शाबूत आहेत.

स्नेहल म्हणाली, त्या दिवशी जाळ लागून लगेच विझला असणार, आणि सेन्सर बाजूला असल्यामुळे गॅस आत साठत गेला. मग म्हणाली, पॅनलमधली वायर मी तशीच ठेवलीय, चौकशी होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मी बरं म्हटलं.

२४ ऑक्टोबर

दिवाळी झाली म्हणतात.

आप्पांना घरी आणलं. दोन्ही हातांना पट्ट्या, डोळ्यांना पट्ट्या. आई भरवते. मी घास करायला गेले तर ताट सरकवून घेते. बोलायचं ते भांड्यांशी बोलते.

उद्या चौकशीचे साहेब घरी येणार, आप्पांचा जबाब घ्यायला. शेठ आज येऊन गेले. भला माणूस, दवाखान्याचं सगळं त्यांनीच बघितलं. जाताना मला अंगणात म्हणाले, बेटा, जे खरं असेल ते सांग. पण तुझ्यावर आलं तर हे काम पुढे न्यायला माझ्याकडे दुसरं माणूस नाही, आणि शेडही मग राहत नाही. एका वाक्यात दोन्ही बाजूंनी बोलून गेले. राग तरी कसा धरायचा?

मी खरं सांगणार आहे. ठरवलंय. वायर मी जोडली, हे सांगणार.

२५ ऑक्टोबर

साहेबांना आईनं खुर्ची दिली. मी दाराला टेकून उभी. स्नेहल होती, शेठ होते.

आप्पा पलंगावर टेकून बसले होते. कुणी विचारायच्या आत बोलायला लागले. मला वरीस झालं नीट दिसत न्हाई. कुणाला कळू दिलं न्हाई. सेन्सरला कुंकू मी लावलं, काच कुठली ते समजलं न्हाई. पेटल्याचा आवाज आला, म्हणून लागला म्हणालो. आपल्या कामाचा ज्यांना एवढा अभिमान, ते शेठसमोर, परक्या साहेबांसमोर एकेक सांगत होते, मला दिसत नाही.

मग म्हणाले, "पॅनलात वायर बी मीच जोडली सायेब. पोरगी बाहेर फोनवर व्हती. जुन्या भट्टीला आमी असंच करायचो."

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी आप्पांच्या पट्ट्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. दिसत नसलेल्या माणसानं बोटभर जागेतल्या दोन स्क्रूंना वायर कशी जोडली, हा प्रश्न त्या खोलीत सगळ्यांना पडलेला होता. स्नेहल तर माझ्यावरची नजर काढत नव्हती. साहेब म्हणाले, मॅडम, तुम्हाला यात काही सांगायचंय?

मी म्हटलं, नाही.

त्यांनी लिहून घेतलं. चहा घेतला. गेले.

२ नोव्हेंबर

स्नेहलनं कंपनीला सांगून बदली मागून घेतली. जाताना भट्टीचं सगळं नीट समजावून गेली, नवा सेन्सर कसा बसवायचा, कसा पुसायचा. दुसरं एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं होतं, निदान भांडेल.

रोज ठरवते की साहेबांना फोन करायचा. सकाळी शेडमध्ये जाते, सगळी माणसं मान हलवून नमस्कार करतात, आप्पांच्या, म्हणजे त्यांच्या सोपानभाऊंच्या तब्येतीची चौकशी करतात, आणि म्हणतात, मॅडम, आता आपली भट्टी चालवून दाखवायचीच. मग दुपार होते.

१२ नोव्हेंबर

अपघातामुळे भेट पुढे ढकलली होती, ती गिऱ्हाइकाची माणसं आज आली. थंड भट्टी पहिल्या ठिणगीला लागली. ॲक्सल ठोकून दाखवले, एकही चिरला नाही. चिमणीकडे बघून त्यांच्यातल्या एका बाईनं विचारलं, चालू आहे का? मी हो म्हटलं. त्यांनी फोटो काढले. शेठच्या डोळ्यांत पाणी. ऑर्डर राहिली, शेड राहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

भट्टीवर बोरीचा एक माणूस घेतलाय. चांगला आहे. त्याची नजर तपासून घेतली.

१३ नोव्हेंबर

आई आज ओतूरला मावशीकडे गेली, दिवसभरासाठी. जाताना म्हणाली, भात करून ठेवलाय, भरव त्यांना. कितीतरी दिवसांनी माझ्याशी सरळ बोलली.

मी ताट घेऊन पलंगावर बसले. आमटी-भात कालवला. आप्पांनी विचारलं, कालचं कसं झालं? सगळं सांगितलं. कोण आलं, काय म्हणाले, किती माल ठोकला. ते ऐकत होते, मधूनच मान हलवत होते. पट्टीखालची त्यांची हनुवटी ओळखू येत नाही इतकी वाळलीय.

मी घास पुढे केला. त्यांनी तोंड उघडलं नाही.

"तेजू," ते म्हणाले, "त्या दिवशी तू गप राह्यलीस ते लई बरं केलंस. मला भ्या वाटत व्हतं, तू माझं खोटं पाडशील. तुझा स्वभाव मला ठाऊक हाय. लई जड गेलं असंल तुला."

जड गेलं नाही. लिहिते, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा मी आप्पांचा शब्द राखायला गप्प बसले नव्हते. ते माझ्यासाठी खोटं बोलताहेत हे कळल्याबरोबर माझ्या मनात पहिलं आलं ते एवढंच, की सुटले. मग तोंडातून नाही निघालं. ते किती सहज निघालं, ते मला अजून ऐकू येतं.

आप्पांना वाटतं, त्यांच्या पोरीनं त्यांच्यासाठी मन मारलं. हे आता त्यांना सांगितलं तर त्यांच्याकडे काय उरलं? डोळे गेले, हात गेले, भट्टी गेली. आणि नाही सांगितलं, तर ते रोज माझ्यावर असेच खूश राहणार.

मी म्हटलं, हो आप्पा, जड गेलं.

त्यांनी समाधानानं मान हलवली आणि तोंड उघडलं. सगळा भात खाल्ला. आणखी आहे का, विचारलं.